एवढा मोठा ससा कोकणात राहील का?

बाजारात पिंजऱ्यात दिसणारे पांढरे ससे बहुतेक दोन-तीन किलोचे असतात. फ्लेमिश जायंट जातीचा ससा मात्र ६-७ किलोचा सहज होतो, एखादा १० किलोपर्यंतही जातो. ही जात बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातली. गेंट शहराच्या आसपासचे लोक मांसासाठी आणि कातडीसाठी असे ससे पाळत. या जातीचा ससा कसा असावा, याचे पहिले नियम १८९३ साली लिहिले गेले. तिच्याच गोतातल्या कॉन्टिनेंटल जायंट जातीचा इंग्लंडमधला डेरियस २०१० साली मोजला, तेव्हा तो १२९ सेंटिमीटर लांब भरला!

हा ससा स्वभावाने शांत आणि माणसाळणारा. त्यामुळे फोटो बघितला की मुलं घरी हट्ट धरतात. पण आधी त्याचे कान नीट बघायला हवेत.

पांढऱ्या सशाचा कान उजेडासमोर आला की आत लाल-निळ्या शिरांचं जाळं दिसतं. कातडी इतकी पातळ की बारीक फाटेही मोजता येतील. उकडायला लागलं की या शिरा फुगतात, जास्त रक्त कानात येतं आणि अंगातली उष्णता हवेत जाते. थंडीत त्याच शिरा आकसतात. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून अंग निववायला त्याची मुख्य भिस्त कानांवर.

आता मोठ्या अंगाची अडचण बघा. वाटीतली पेज लगेच निवते, टोपातली बराच वेळ गरम राहते. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर कातडी चौपट होते, पण आतलं शरीर आठपट. उष्णता तयार करणारं अंग जास्त आणि ती बाहेर टाकणारी कातडी त्या मानाने कमी! गेंटमध्ये ऐन जुलैतही दुपार साधारण २३ अंशांची असते, तिथे हे खपून जातं. रत्नागिरीत मे महिन्यात पारा ३२-३३ वर असतो. सशाच्या अंगाचं तापमान ३९ च्या आसपास. हवेत आणि कानात फरकच थोडा उरला, तर उष्णता जाणार कशी?

म्हणून मला वाटतं, किनाऱ्यावरच्या घरात हा ससा आणू नये. पत्र्याच्या शेडमध्ये तर नकोच. शिवाय त्याच्या तळपायांना कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. जाळीच्या तळावर एवढं वजन पेलताना पायांना जखमा होतात आणि पावसाळ्याच्या ओलीत त्या चिघळतात. रोज भरपूर लागणारं सुकं गवतही तेव्हा बुरशी धरतं.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रात्री उड्या मारणारा आपला रानससा निराळा. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं बिनकेसांची आणि डोळे मिटलेली. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे त्याला पकडून पाळायचं नसतं.

कुणाकडे मोठा ससा आधीच असेल तर त्याला घरातल्या सगळ्यांत गार खोलीत लादीवर ठेवा, बसायला एका कोपऱ्यात सुकं गोणपाट घाला. घाम नसल्यामुळे नुसत्या पंख्याचा त्याला आपल्याइतका उपयोग होत नाही. तो आडवा पडून भराभर श्वास घेऊ लागला आणि कान कढत लागले, तर कानांना साधं पाणी लावा, बर्फाचं नको. आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा.