हॉबी लॉबी निकालाची मुळे

हॉबी लॉबी या अमेरिकेतल्या हस्तकला-साहित्याच्या दुकानसाखळीच्या मालकांनी श्रद्धेच्या कारणावरून कर्मचाऱ्यांच्या विम्यात काही गर्भनिरोधके द्यायला नकार दिला. त्या खटल्याचा विषय निघाला की लोक धर्म आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा हवाला देतात. निकाल मात्र तिच्यावर नव्हे, १९९३ च्या धार्मिक स्वातंत्र्य पुनर्स्थापना कायद्यावर उभा आहे. हे निसटले की पुढचे खटले उलगडत नाहीत.

१९६३ मध्ये, शनिवारी काम नाकारल्याने नोकरी गेलेल्या अॅडव्हेंटिस्ट (शनिवार पवित्र मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) गिरणी कामगार महिलेला साउथ कॅरोलायनाने बेकारी भत्ता नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने तिची बाजू घेतली आणि ठरवले की श्रद्धेवर भार टाकायचा तर सरकारकडे तितकेच सबळ कारण हवे. व्यावसायिकांच्या हाती त्यातून फारसे लागले नाही. १९८२ मध्ये कामगारांचा सामाजिक सुरक्षा कर नाकारणारा आमिश या ख्रिस्ती पंथाचा मालक हरला. स्वेच्छेने व्यवसायात उतरलेल्याने आपल्या श्रद्धेची बंधने सर्वांच्या कायद्यावर लादू नयेत, हे न्यायालयाचे म्हणणे.

१९९० च्या स्मिथ निकालाने ती कसोटीच मोडीत काढली. धार्मिक विधीत पेयोटी (भ्रम निर्माण करणारे निवडुंग) घेणाऱ्या दोघांना ऑरेगॉनने बेकारी भत्ता नाकारला होता; कायदा सर्वांना सारखाच लागू असेल तर धर्मासाठी सूट मागता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. यावर डावे-उजवे दोघेही खवळले आणि १९९३ चा कायदा सिनेटने ९७ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केला. त्यात आधी तक्रारदाराने श्रद्धेवर मोठा भार पडल्याचे दाखवायचे. मग सरकारने अत्यावश्यक हेतू, आणि निवडलेला मार्ग सर्वांत कमी जाचक असल्याचे सिद्ध करायचे.

हॉबी लॉबीत सरकार अडखळले ते या शेवटच्या पायरीवर. २०१० च्या आरोग्य विमा कायद्याखालच्या नियमांनुसार मालकाने दिलेल्या विम्यात २० गर्भनिरोधक पद्धती असणे बंधनकारक होते. मालकांचा आक्षेप चारांवर. दंड दर कर्मचाऱ्यामागे दिवसाला १०० डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे ४७ कोटी ५० लाख डॉलर. धार्मिक ना-नफा संस्थांना मात्र सवलत आधीच होती: संस्थेने आक्षेप कळवायचा, खर्च विमा कंपनीने उचलायचा. तीच सोय इथे का नाही, याला सरकारकडे पटण्याजोगे उत्तर नव्हते. २०१४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी कंपनी जिंकली, तेही मोजक्या मालकांच्या हातातल्या कंपन्यांपुरते. मालकाच्या श्रद्धेचा भार ती न मानणाऱ्या कर्मचारी स्त्रियांवर पडतो, हा न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांच्या भिन्नमतातला मुद्दा आजही वजनदार आहे.

समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक करायला नकार देणाऱ्या कोलोराडोच्या केकवाल्याला १९९३ चा कायदा वापरता आला नाही, कारण १९९७ पासून तो राज्यांना लागू नाही. २०१८ मध्ये तो जिंकला, कारण राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेबद्दल वैरभाव दाखवला होता. २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या वेबसाइट करायला तयार नसलेली त्याच राज्यातली वेबसाइट डिझायनर जिंकली ती तर अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या आधारावर.