लॉकर हवेचा, इलेक्ट्रिक की केबलचा? आणि गाडी उंच कधी करणार?

एका एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच म्हणजे डिफ (डिफरन्शियल); तो लॉक करून दोन्ही चाकं एकत्र फिरवतो तो लॉकर. लॉकर घ्यायचं ठरवून येणाऱ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हवेचा बसवू, इलेक्ट्रिक की केबलचा? गाडी कुठे चालते आणि पुढे तिच्यात आणखी काय करणार आहात, यावर ते ठरतं. निर्णय आधीच नीट घ्या, कारण हवेचा लॉकर आणि इलेक्ट्रिक लॉकर यांचे कॅरियरच (डिफचे गिअर ज्यात बसतात तो डबा) वेगळे. नंतर मन बदललं तर बटण बदलून भागत नाही. अख्खा डिफ पुन्हा खोलून क्राऊन-पिनियन या मुख्य गिअरजोडीचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) नव्याने बांधावा लागतो.

एक खुलासा. 2020 नंतरच्या थारच्या काही व्हेरियंटमध्ये मागे कंपनीचाच मेकॅनिकल लॉकर आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप लागतो. ‘त्यालाच बटण जोडून द्या’ असं अनेकजण सांगतात; ते होत नाही. इथे सांगितलेले लॉकर तुम्ही म्हणाल तेव्हा लागतात, म्हणजे चाक घसरायच्या आधीच.

एआरबीसारख्या हवेच्या लॉकरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोलेनॉइडमधून (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) बारीक नायलॉन नळीने डिफमध्ये जाते आणि तिच्या दाबाने लॉक बसतं. पुढे-मागे दोन्हीकडे पकड सारखीच घट्ट. शिवाय त्याच कॉम्प्रेसरने टायर भरता येतात. जैसलमेरच्या वाळूत हवा कमी करून फिरणाऱ्यांना हा फायदा मोठा आहे. मात्र जॉइंट जास्त, म्हणून गळतीच्या जागाही जास्त. इंजिन बंद करून, इग्निशन चालू ठेवून लॉकर लावा आणि कान द्या. कॉम्प्रेसर भरून गप्प बसला पाहिजे. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत असेल तर जॉइंटवर साबणाचं पाणी लावा. फुगे आले नाहीत आणि सोलेनॉइडच्या तोंडातून गिअर ऑइल येऊ लागलं, तर आतलं सील गेलं समजा आणि गाडी आणा. नळी घरी कापायची वेळ आली तर पक्कड वापरू नका, धारदार ब्लेडने काटकोनात कापा. तिरकं तोंड फिटिंगमध्ये धरत नाही.

इलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे ईटनच्या इलॉकरसारख्या लॉकरमध्ये, डिफमधल्या कॉइलला करंट मिळाला की लॉक लागतं. कॉम्प्रेसर नाही, बॉनेटखाली जागा शोधायची नाही, काम लवकर होतं. खड्ड्यात अडकून गाडी पुढे-मागे झुलवताना मात्र तो दिशा बदलली की क्षणभर सुटतो आणि चाक थोडं फिरल्यावर पुन्हा पकडतो. त्याला स्वतंत्र रिले, फ्यूज आणि पाणी न शिरणारे कनेक्टर हवेतच. फॉगलॅम्पच्या वायरीवरून सप्लाय ओढलेला असेल तर आम्ही तो काढून नवीन वायरिंग करतो, त्याचे पैसे वेगळे.

केबल म्हटलं की फोर्सची गुरखा आठवते. 2021 च्या मॉडेलला पुढच्या-मागच्या लॉकचे लिव्हर कंपनीतूनच आहेत. बॅटरी बसली तरी लॉक लागतं, हा त्याचा मोठा गुण. केबलला वळण मोठं लागतं, सायलेन्सरपासून अंतर लागतं आणि पावसाळ्यानंतर लिव्हर हलवलाच नाही तर ती जाम होते. गुरखा असेल तर आहे ते सांभाळा. दुसऱ्या गाडीत नव्याने केबल ओढायचा सल्ला आम्ही देत नाही.

शनिवार-रविवार घाटात आणि चिखलात जाणाऱ्या जिप्सीला इलेक्ट्रिक पुरतो. वाळूत जाणाऱ्यांनी आणि गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांची तयारी करणाऱ्यांनी हवेचा घ्यावा.

आता आमचा खरा वेळ कुठे जातो ते सांगतो. चासी आणि एक्सल यांच्या मधल्या हातभर अंतरात. लॉकर कोणताही असो, नळी, वायर किंवा केबल तिथूनच खाली उतरते आणि एक्सल वर-खाली झाला की तीही हलते. ग्राहक लॉकर बसवून जातात, दोन महिन्यांनी दुसरीकडे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी दोन-तीन इंच उंच करतात आणि आम्हाला सांगत नाहीत. ब्रेकचा होज सगळे तपासतात, लॉकरची नळी कोणाच्या लक्षात राहत नाही. सपाट रस्त्यावर ती पुरते. चर ओलांडताना एक चाक हवेत लोंबलं की नळी फिटिंगमधून सुटते, वायर कनेक्टरपासून तुटते, केबल ताणून लॉक अर्धवट अडकतं. मग फोन येतो, ‘तुमचा लॉकर बंद पडला.’ खोलून पाहावं तर लॉकर ठणठणीत.

म्हणून आम्ही चासी उचलून, शॉकअप खालून सोडून एक्सल पूर्ण लोंबवतो, एका बाजूचं चाक वर दाबून बघतो, पुढच्या लॉकरला स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवतो आणि मगच नळीची लांबी ठरवतो. यात जवळजवळ एक दिवस जातो आणि बिलातही तो दिसतो. इतर ठिकाणी तो लागत नाही, असं ऐकवलं जातं. आम्ही तो वगळत नाही. लॉकर आणि लिफ्ट (गाडी उंच करणं) दोन्ही आमच्याकडे एकत्र केलंत तर ही तपासणी एकदाच होते आणि एकदाचीच मजुरी लागते.

फोन करताना गाडीचं मॉडेल व वर्ष, टायरचा साइज आणि गाडी किती इंच उंच केली आहे किंवा करणार आहात, एवढं सांगा. हवेच्या लॉकरबरोबर जादा नळी आणि दोन जॉइंटर आम्ही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून देतो, त्याचे पैसे घेत नाही.