ब्राझीलच्या मालगाड्या: ठेक्याचं कलम आणि रुळाचं वळण

ब्राझीलच्या नकाशावर सुमारे 30 हजार किलोमीटर रेल्वेमार्ग दिसतो. त्यावर लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या नियमितपणे धावतात त्या दोनच मार्गांवर, आणि ते दोन्हीही मुळात लोहखनिजाचे. बाकी सगळा कारभार मालवाहतुकीचा आणि तो खासगी कंपन्यांच्या हाती. जमीन आणि रूळ केंद्र सरकारचे, गाड्या चालवण्याचा ठेका कंपनीचा, अशी ही मांडणी. अशा व्यवस्थेत रूळ कुठे वळला, कुठे गंजला आणि कुठे नवा पडला याचं उत्तर इंजिनिअरच्या आराखड्याइतकंच ठेक्याच्या कागदावर सापडतं.

सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. 1873 च्या कायद्याने रेल्वे बांधणाऱ्याला दोन पर्याय दिले: गुंतवणुकीवर व्याजाची सरकारी हमी घ्या, नाहीतर किलोमीटरमागे ठरावीक अनुदान घ्या. पैसे किलोमीटरने मिळणार म्हटल्यावर डोंगर फोडून सरळ जाण्यात कोणाचंच हित उरलं नाही. टेकडीला वळसा घातला की बोगद्याचा खर्चही वाचे आणि लांबीही वाढे. मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर, हे अशा नागमोडी मार्गासाठी सोयीचं, कारण अरुंद गेज तीव्र वळणावर सहज बसतं. आजही ब्राझीलचा सुमारे तीन चतुर्थांश मार्ग मीटरगेज आहे. उरलेला बहुतेक 1.60 मीटरचा, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा साडेसात सेंटिमीटर अरुंद. हे गेज जगात आणखी ठळकपणे दिसतं ते आयर्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात.

या दोन गेजच्या गाड्या एकाच वाटेने न्यायच्या तर तिसरा रूळ टाकावा लागतो. सांतोस बंदराकडे उतरणाऱ्या मार्गावर तो आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण एक रूळ दोन्ही गाड्यांचा सामाईक असतो, त्यामुळे त्याची झीज दुप्पट वेगाने होते. 1.60 मीटरच्या मार्गावर मीटरगेजच्या गाडीचा मध्य 30 सेंटिमीटर एका बाजूला सरकतो. तिचं वजन स्लीपरच्या, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळईच्या, मधोमध न पडता एकीकडे पडतं आणि खालची खडी असमान दबते. डबे एकमेकांना जोडणारे कपलरही समोरासमोर येत नाहीत. एका गेजचं इंजिन अडकलं तर दुसऱ्या गेजचं इंजिन नुसतं मागून लावून ओढता येत नाही. एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यांचं काम तर इतकं गुंतागुंतीचं होतं की यार्डात तिसरा रूळ शक्यतो टाळतातच.

सांतोसचा घाट हे स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्र आणि साओ पावलोचं पठार यांच्यात सुमारे 800 मीटरची उभी भिंत. 1856 मध्ये नव्वद वर्षांचा ठेका देण्यात आला, 1867 मध्ये सांतोस ते जुंदियाई मार्ग सुरू झाला आणि 1946 मध्ये तो ठरल्याप्रमाणे सरकारकडे परतला. दरम्यान पठारावरची कॉफी बंदराला न्यायची तर हीच वाट. ठेक्यात आजूबाजूच्या पट्ट्याचा एकाधिकार होता आणि दुसरी रेल्वे घाट उतरायला 1930 चं दशक उजाडलं.

त्या जुन्या घाटात सुमारे 10 टक्के चढ आहे. साध्या इंजिनाने तो का चढता येत नाही? 120 टनांचं इंजिन घ्या. कोरड्या रुळावर पोलादाची पोलादावरची पकड वजनाच्या पाव भागाइतकी धरली, तर ओढ मिळते 30 टनांची. 10 टक्के चढावर प्रत्येक टन वजन 100 किलोच्या जोराने मागे खेचतं. म्हणजे 30 टनांच्या ओढीत एकूण 300 टन पेलतील, त्यातले 120 इंजिनाचेच. उरले 180 टन, म्हणजे भरलेल्या दोन वाघिणी (मालडबे). म्हणून मधोमध दात्यांचा रूळ बसवलेला आहे. त्यात शेजारी शेजारी तीन पट्ट्या असतात आणि त्यांचे दाते एकापुढे एक सरकवलेले असतात, म्हणजे इंजिनाच्या दंतचक्राचा कुठला ना कुठला दात कायम अडकलेला राहतो. इंजिन नेहमी उताराच्या बाजूला असतं. चढताना ते ढकलतं आणि उतरताना खालून तोलून धरतं. कपलर तुटला तरी वाघिणी त्याच्यावरच टेकतात. एवढं करूनही लांब गाडी घाटमाथ्यावर तुकडे करून खाली सोडावी लागते आणि पायथ्याशी पुन्हा जोडावी लागते. हा वेळखाऊपणा नको म्हणून सोयाबीन-मक्याच्या लांब गाड्या 1930 च्या दशकातल्या त्या दुसऱ्या, कमी चढाच्या घाटाने उतरतात.

1957 मध्ये सरकारने अठरा प्रादेशिक रेल्वे एकत्र करून एक राष्ट्रीय कंपनी बनवली. 1980 च्या दशकात ती कर्जात बुडाली. 1996 ते 1998 या काळात तिचं जाळं, साओ पावलो राज्याच्या रेल्वेसह, सात तुकड्यांत लिलावात निघालं. प्रत्येक ठेका तीस वर्षांचा. बोलीच्या रकमेपैकी 5 टक्के ठेक्याचे आणि 95 टक्के रूळ, इंजिनं, वाघिणी, कारखाने यांच्या भाड्याचे, असा हिशेब होता. भाडं तिमाही हप्त्यांत भरायचं. सरकारने कंपनीकडून दोन गोष्टी मागितल्या: टन-किलोमीटर (एक टन माल एक किलोमीटर नेला की एक) वाढवा आणि अपघात कमी करा. शिवाय प्रत्येक मालासाठी कमाल दर ठरवला.

चूक लक्ष्याच्या व्याख्येत होती. टन-किलोमीटर मोजायचे होते संपूर्ण जाळ्याचे, मार्गवार नव्हे. मग कुठलाही शहाणा व्यवस्थापक जिथे खनिज आणि धान्य आहे तिथे पैसा ओतणार आणि बाकी फाट्यांकडे पाहणारही नाही. घडलं तेच. जाळ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग आज वाहतुकीविना आहे, तरी कंपन्यांची लक्ष्यं पूर्ण होत राहिली. 2011 मध्ये नियामकाने लक्ष्यं मार्गवार केली खरी, पण तोवर कित्येक ठिकाणी रुळांतून झाडं उगवली होती.

दुर्लक्षित मार्ग नेमका कसा मरतो याचा नमुना म्हणजे बाउरूहून बोलिव्हियाच्या सीमेवरच्या कोरुंबाकडे जाणारा मीटरगेज मार्ग. तिथे अनेक ठिकाणी मीटरमागे 37 किलोचे जुने, हलके रूळ आहेत. खनिजाच्या मार्गांवर 68 किलोचे असतात. लाकडी स्लीपर पावसाने कुजतो, खिळ्याची पकड सुटते आणि वजनाखाली रूळ बाहेर सरकतो. गेज काही सेंटिमीटरने रुंदावलं की चाक आत पडतं. उपाय म्हणून तिथे वेगमर्यादा लावतात. आता उदाहरणादाखल हिशेब करा: 1,600 किलोमीटर ताशी 40 ने गेले तर 40 तास लागतात आणि ताशी 12 ने गेले तर 133 तास. तीच वाघीण महिन्यात जेमतेम एक तृतीयांश फेऱ्या करते. टनामागचा खर्च वाढतो, माल ट्रककडे जातो, उत्पन्न आटतं आणि स्लीपर बदलायला पैसे उरत नाहीत. 2020 मध्ये ठेकेदाराने हा मार्ग मुदतीआधीच परत करून फेरलिलावाची मागणी केली.

याच देशात दुसरं टोक आहे काराजास रेल्वेचं. अॅमेझॉनमधल्या खाणीपासून साओ लुईसच्या पोंता दा मादेइरा बंदरापर्यंतचा हा 892 किलोमीटरचा मार्ग 1985 मध्ये सुरू झाला. आखणी करतानाच ठरलं होतं की भरलेली गाडी समुद्राकडे जाणार आणि रिकामी परत येणार. म्हणून समुद्राच्या दिशेने जास्तीत जास्त चढ 0.4 टक्के ठेवला आणि उलट दिशेने 1 टक्का चालवून घेतला. इथली गाडी 330 वाघिणींची, सुमारे 3.3 किलोमीटर लांब. प्रत्येक वाघिणीत साधारण 100 टन खनिज असतं. एवढ्या लांबीला ब्रेक हाच मुख्य प्रश्न ठरतो. हवेच्या नळीतला दाब कमी झाल्याची खबर आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जाऊ शकत नाही, म्हणजे पुढून लावलेला ब्रेक शेपटाला कळायला दहा सेकंद लागतात. तेवढ्यात मागच्या वाघिणी पुढच्यांवर आदळतात. म्हणून काही इंजिनं गाडीच्या मध्ये जोडतात आणि रेडिओवरून चालवतात. ती आपापल्या जागी हवा सोडतात आणि ओढही वाटून घेतात, त्यामुळे पहिल्या कपलरवर सगळा ताण येत नाही. बंदरावर वाघिणी न सोडवताच जोडीजोडीने उलट्या करतात. त्यासाठी कपलर स्वतःभोवती फिरणारे असतात.

दोन ठेकेदारांच्या हद्दीतून माल जाणार असेल तर दोन वाटा आहेत. एकीत हद्दीवर इंजिन आणि चालक बदलतात आणि उत्पन्न वाटून घेतात. दुसरीत पाहुणी कंपनी आपलीच गाडी यजमानाच्या रुळावरून नेते आणि भाडं देते. कागदावर दुसरा पर्याय उत्तम दिसतो. प्रत्यक्षात पाहुण्या चालकाला त्या मार्गाचं प्रशिक्षण लागतं, इंजिनातली नियंत्रण-यंत्रणा यजमानाच्या यंत्रणेशी जुळावी लागते, आणि एकेरी मार्गावर लूप, म्हणजे समोरची गाडी जाईपर्यंत थांबायचा बाजूचा रूळ, मोकळा आहे की नाही हे यजमानाचा नियंत्रकच ठरवतो. म्हणूनच मार्च 2019 मध्ये उत्तर-दक्षिण रेल्वेच्या 1,537 किलोमीटर तुकड्याला दोनच बोली आल्या. एक बोली उत्तरेकडचं टोक चालवणाऱ्या कंपनीची आणि दुसरी दक्षिणेकडचं टोक चालवणाऱ्या कंपनीची. दक्षिणवाल्यांनी 2.7 अब्ज रेआलला (रेआल हे ब्राझीलचं चलन), म्हणजे किमान किमतीच्या दुपटीला, बाजी मारली. तिसऱ्याला मधला तुकडा मिळूनही बंदरासाठी त्यांच्याकडेच हात पसरावे लागले असते.

2017 च्या कायद्याने ठेके मुदतीआधी वाढवण्याची सोय केली. बदल्यात कंपनीने बांधकाम करून द्यायचं, तेही प्रसंगी स्वतःच्या जाळ्याबाहेर. मारा रोझा ते आग्वा बोआ हा 383 किलोमीटरचा नवा मार्ग 2020 मध्ये अशाच नूतनीकरणाच्या बदल्यात खाणकंपनीच्या गळ्यात पडला. ठेक्याचा पैसा एरवी तिजोरीत मिसळून जातो, त्यापेक्षा तो रुळात दिसला तर बरं, असा त्यामागचा विचार. माझ्या मते तो योग्य आहे, फक्त बांधकामाची किंमत कोण तपासतो यावर सगळं अवलंबून आहे.

डिसेंबर 2021 च्या कायद्याने लिलावच वगळला. ज्याला रेल्वे बांधायची आहे त्याने अर्ज करावा आणि 25 ते 99 वर्षांचा परवाना घ्यावा. सगळी जोखीम त्याची, दरही त्याचे. अर्जांची रीघ लागली, पण परवाना म्हणजे जमीन नव्हे आणि पर्यावरण मंजुरीही नव्हे. शिवाय नवा मार्ग बंदरापर्यंत पोचणार नसेल, तर शेवटचे काहीशे किलोमीटर पुन्हा जुन्या ठेकेदाराच्या रुळावरूनच काढावे लागतात, त्याच्या नियंत्रकाने लूप मोकळा करून दिला तर.