सफरचंदाचे तुकडे तळाशी का बसतात?

‘सफरचंदाचे तुकडे मैद्यात घोळवा, म्हणजे केकच्या तळाशी बसणार नाहीत,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा नाही. मिश्रण पातळ असेल तर मैद्याचा तो पातळ थर लगेच भिजतो आणि तुकडा खाली जातोच. त्याला धरून ठेवतं ते घट्ट मिश्रण: चमच्यावरून ओघळू नये, गोळ्यासारखं सावकाश पडावं. तुकडे साधारण 1 सेंटिमीटरचेच ठेवा. सफरचंदात सुमारे 85 टक्के पाणी असतं. मोठे तुकडे जड तर असतातच, शिवाय भोवतीचा केक ओलसर, कच्चट ठेवतात. मला तर हेच जास्त खटकतं.

ग्लेझ (केकवर ओतायचा साखरेचा चकचकीत लेप) मात्र केक पूर्ण गार झाल्यावरच ओता. गरम केकवर ते वितळून ओघळतं.