साथींनी भरलेल्या शाळा

एप्रिल २०२०मध्ये १९०हून अधिक देशांतल्या शाळा बंद होत्या आणि दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी घरी बसले होते. त्या दिवसांतली चर्चा बहुतेक मोबाइल आणि नेटवर्कभोवती फिरत राहिली. विशेष शाळांची, म्हणजे अपंग मुलांच्या शाळांची, अडचण वेगळी होती. तिथलं शिकवणं हातांनी चालतं, आणि नेमका हात लावायलाच बंदी आली.

गंमत अशी की या शाळांच्या जडणघडणीत साथीच्या रोगांचाच मोठा वाटा आहे. लॉरा ब्रिजमन दोन वर्षांची असताना स्कार्लेट फीवरने तिची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेलं. १८३७मध्ये ती बोस्टनच्या पर्किन्स या अंधांच्या शिक्षणसंस्थेत आली. तिथले संचालक सॅम्युएल हॉवे यांनी चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांची लेबलं चिकटवून तिला भाषा शिकवली. पुढे त्याच संस्थेत ॲन सलिव्हन शिकायला आली. खुपऱ्यांनी तिची नजर अधू केली होती, आणि खुपऱ्या हा एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा रोग. बोटांच्या खुणांनी तळहातावर अक्षरं उमटवायची लिपी तिने लॉराकडून घेतली आणि १८८७मध्ये हेलन केलरच्या हातात ठेवली. हेलनचेही डोळे-कान तान्हेपणीच्या आजारपणात गेले होते. तीन आजारपणं, आणि त्यांतून हातोहात पुढे गेलेली एक शिक्षणपद्धती!

जर्मन गोवराची, म्हणजे रुबेलाची, गोष्ट आकड्यांनी मोठी आहे. गरोदरपणी तो झाला तर बाळाला जन्मजात मोतीबिंदू होऊ शकतो, हे ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१मध्ये दाखवलं. १९६४-६५च्या साथीनंतर एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बाळं रुबेलाचे परिणाम घेऊन जन्मली. त्यांतली हजारो कर्णबधिर होती, काहींना दिसतही नव्हतं. काही वर्षांत ती शाळेच्या वयाची झाली, तेव्हा सरकारला बहिरांध मुलांसाठी प्रादेशिक केंद्रं उभी करावी लागली. शिक्षक मात्र एका रात्रीत तयार होत नाहीत.

दूरशिक्षणही २०२०चा शोध नव्हे. १९३७मध्ये पोलिओमुळे शिकागोतल्या शाळा उघडायला उशीर झाला, तेव्हा रेडिओवरून धडे दिले गेले. रेडिओचा धडा कर्णबधिर मुलाला काय उपयोगाचा, हे वेगळं सांगायला नको.

कर्णबधिरांच्या शाळांना मास्कने गाठलं ते एका जुन्या दुखण्यावर. कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या १८८०च्या मिलान परिषदेने खुणांच्या भाषेपेक्षा तोंडी बोलणं श्रेष्ठ ठरवलं आणि कित्येक पिढ्या ओठ वाचायला शिकवल्या गेल्या. हे ठराव अधिकृतपणे नाकारायला २०१० साल उजाडलं. दहाच वर्षांत ओठच झाकले गेले. पारदर्शक खिडकीचे मास्क आले, पण ते श्वासाने धुरकट व्हायचे. माझ्या मते त्या काळात खुणांची भाषा येणारी मुलं निदान वर्गात तरी एकटी पडली नाहीत.

बौद्धिक अक्षमता किंवा अनेक अपंगत्वं असलेल्या मुलांच्या शाळेत तर अंतर राखणं कागदावरच होतं. घास भरवणं, डायपर बदलणं, खुर्चीतून उचलणं, पेन्सिल धरलेल्या बोटांवर आपली बोटं ठेवणं, यातलं काय दोन मीटरवरून करणार? घशाला नळी बसवलेल्या मुलाचा कफ यंत्राने ओढताना तुषार उडण्याचा धोका, म्हणून तिथे साधा मास्क पुरत नव्हता. स्वमग्न मुलांपैकी कित्येकांना मास्कचा स्पर्शच सोसत नसे, आणि रोजचा क्रम मोडला की त्यांचं सगळंच बिघडे. यातलं बरंचसं काम शिक्षकांइतकंच मदतनीसांवर पडलं. टाळ्या वाजल्या त्या यादीत मात्र ते क्वचितच होते.

इंग्लंडमध्ये मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तरी विशेष गरजांची कायदेशीर योजना असलेल्या मुलांना यायची मुभा राहिली, म्हणजे त्यांच्या शाळांतली माणसंही कामावर राहिली. आणि १ मेपासून, त्या योजनेतली मदत ‘देणे बंधनकारक’ हा शब्दप्रयोग तीन महिन्यांसाठी सौम्य करून ‘शक्य ते वाजवी प्रयत्न’ असा करण्यात आला. जुलैअखेर ती सवलत संपली.