ताटं कोण मोजतं? खानदेशातल्या फौजी भोजनाच्या ठेक्याची पार्श्वभूमी

खानदेशात मोठी लष्करी छावणी नाही. ती पाहायला देवळालीला किंवा नगरला जावं लागतं. इथला फौजी संबंध आहे तो भुसावळ (1949) आणि वरणगाव (1964) इथल्या आयुध निर्माण्यांचा, आणि धुळ्यातल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक 6 चा. त्यामुळे ‘फौजी जेवणाचा ठेका’ हा शब्द इथे थोडा जपून वापरायला हवा. लष्कराच्या पलटणीत लंगर, म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, चालवतात ते पलटणीचेच आचारी. शिधा आर्मी सर्व्हिस कोअर पुरवते आणि ठेकेदाराचा हात लागतो तो मुख्यतः भाजीपाला, मांस, दूध अशा ताज्या मालाला. कारखान्याच्या कँटीनमध्ये मात्र अख्खं स्वयंपाकघरच ठेकेदाराकडे जाऊ शकतं. दोन्हीकडचा वाद एकच असतो: खाणारे किती होते आणि भांड्यात माल किती पडला.

हा वाद जुना आहे. 1803 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजा अजिंठ्याचा घाट, बऱ्हाणपूर, असीरगड या पट्ट्यात फिरत होत्या, तेव्हा त्यांचं धान्य वाहत होते ते लमाणांचे बैलतांडे. कंपनीने शिपायाला ताट वाढलंच नाही. त्याला पगार आणि भत्ता मिळे, फौजेबरोबर बाजार चाले, आणि शिपाई तिथून पीठ-डाळ घेऊन आपली चूल आपण पेटवी. 1825 मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, ती याच काळातली. या पद्धतीत सरकारला ताटं मोजावी लागत नव्हती, पण बाजारभाव मोजावाच लागे. दुष्काळात धान्य कडाडलं की तोच पगार पोटाला पुरेना. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या देशी फौजेत महागाईची भरपाई देण्याचा नियम आला: ठरावीक शिध्याचा भाव एका मर्यादेवर गेला की वरचा फरक सरकारने द्यायचा. आजच्या कितीतरी टेंडरांत हे एवढं साधं कलम सापडत नाही, आणि त्याची किंमत काय पडते ते पुढे येईलच.

शिपायाला सरकारी शिधा फुकट मिळू लागला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात. लंगर तेव्हापासून सरकारी हिशेबाचा विषय झाला. चहा, साबण, बिस्किटं विकणारी कँटीन मात्र बराच काळ खासगी कंत्राटदारांच्या हाती राहिली. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, सरकारने ती ताब्यात घेतली आणि 1948 पासून कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झालं. लोक ‘मिलिटरी कँटीन’ म्हणतात ते हे. ते दुकान आहे, जेवणाशी त्याचा संबंध नाही.

निर्माणीतलं कँटीन वेगळ्या कायद्याचं. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 46 नुसार 250 हून जास्त कामगार असतील तिथे कँटीन सक्तीचं करता येऊ लागलं आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी आले. 1976 च्या दुरुस्तीने एक मोलाची भर घातली: कँटीन चालवण्याच्या काही बाबींचा खर्च पदार्थाच्या दरात धरायचा नाही, तो मालकाने सोसायचा. कोणत्या बाबी, हे नियमांवर सोडलं. ठेक्याच्या कागदात या बाबी नीट वेगळ्या काढल्या नाहीत, तर ठेकेदार गॅसचं किंवा भांड्यांचं बिल डाळीतून वसूल करतो.

मग प्रश्न आला आचारी कोणाचा. कंत्राटी कामगार कायदा 1970 मध्ये आला. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मुख्य मालकाने, म्हणजे ज्याने ठेका दिला त्या आस्थापनेने, भरायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची, हे कलम 21 त्यातलंच. 1990 मध्ये एम. एम. आर. खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या वैधानिक, म्हणजे कायद्याने सक्तीच्या, कँटीनमधले कामगार रेल्वेचेच नोकर ठरवले; भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात या निकालाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नसेल. 2014 च्या बलवंत राय सलुजा निकालाने मर्यादा आखली: वैधानिक कँटीन ठेकेदार चालवत असेल, तर तिथला कामगार कारखाने कायद्यापुरता आस्थापनेचा, सगळ्याच बाबतींत नाही. मधल्या काळात सहाव्या वेतन आयोगानंतर सरकारी नोकरीतला सगळ्यात खालचा गट ‘ड’ गेला आणि खालच्या कामांना बाहेरून माणसं घेण्याकडे कल वाढला. ठेका पसरला तो या वाटेने.

दर ठरतो सगळ्यात कमी बोलीवर, म्हणजे एल-वनवर. वर्षा-दोन वर्षांचा दर पक्का झाला आणि ऑक्टोबर 2015 सारखा महिना आला, तूरडाळ किरकोळीत 200 रुपये किलो झाली, की भाववाढीचं कलम नसलेला ठेका वरणातच दिसतो. डाळ जळगावच्या मिलांत तयार होते म्हणून ती इथे स्वस्त राहिली, असं काही घडत नाही.

वरण पातळ कसं होतं, ते आकड्यांत पाहू. 500 ताटांना माणशी 40 ग्रॅम धरून 20 किलो डाळ लागते. 200 मिलीची वाटी धरली तर तिचं 100 लिटर वरण व्हायला हवं. तांदूळ 80 ग्रॅमने 40 किलो, कणीक 100 ग्रॅमने 50 किलो, निवडलेली भाजी 120 ग्रॅमने 60 किलो, म्हणजे बाजारातून वांगी आणली तर 70 किलोच्या आसपास आणि फ्लॉवर असेल तर बरीच जास्त. आता 20 ऐवजी 14 किलो डाळ टाकली, हळद जरा सढळ घातली, वर फोडणी दिली, तर वाटीत पाहून कोणालाही सांगता येत नाही. डाळीचा भाव 120 धरला तर ठेकेदाराचे दिवसाला 720 रुपये वाचतात, 25 दिवसांचे 18,000. म्हणूनच ‘एक वाटी वरण’ असं लिहिलेल्या करारावर तक्रार टिकत नाही. कच्च्या मालाचं माणशी वजन करारात हवं आणि तपासणी टेबलावर न होता कोठीच्या दारात व्हायला हवी. सकाळी माल निघताना काटा शून्यावर आहे का ते पाहायचं, रिकाम्या पातेल्याचं वजन आधी टिपायचं, मग डाळ. नोंदीवर कोठीवाला, ठेकेदाराचा माणूस आणि समितीचा सदस्य अशा तिघांच्या सह्या. दुपारी 12 वाजता एकदम केलेल्या सह्यांना काही किंमत नाही. शाई एक, पेन एक, हे लेखापरीक्षकाला लगेच दिसतं.

दुसरं मोजमाप ताटांचं. निर्माणीतला आठवडा पावणेपंचेचाळीस तासांचा, त्यापुढे ओव्हरटाइम. ओव्हरटाइम चालू असताना 500 ताटं लागत असतील, तर तो बंद झाल्याच्या दिवशी 300 च लागू शकतात, आणि ठेकेदाराची माणसं-गॅस मात्र तेवढेच. म्हणून करारात किमान ताटांची हमी मागितली जाते. हमी आली की न जेवलेल्या ताटांचंही बिल येतं. इराकमधल्या अमेरिकी तळांवर 2004 च्या सुमारास हाच वाद झाला: जेवण किती जणांसाठी तयार केलं आणि प्रत्यक्ष किती जण जेवले, यातल्या फरकाचे पैसे लेखापरीक्षकांनी अडवले. यावर उपाय म्हणजे आदल्या पाळीत कूपन देऊन आकडा कळवणं, हमी सरासरी हजेरीच्या ठरावीक टक्क्यांवर बांधणं आणि ती दर तिमाहीला तपासणं. कूपन वापरल्याबरोबर फाडायचं किंवा भोक पाडायचं. अखंड कूपन पेटीत पडलं, तर ते दुसऱ्या दिवशीच्या बिलात पुन्हा दिसू शकतं.

खानदेशचा उन्हाळा हा या ठेक्याचा तिसरा पक्ष. पारा 45 अंशांच्या वर गेलेला असताना सकाळी 10 ला शिजवलेला भात दुसऱ्या पाळीपर्यंत पातेल्यात झाकून ठेवणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. शिजवताना तग धरलेले त्यांचे बीजाणू कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. गरम अन्न 60 अंशांच्या वर राहायला हवं, नाहीतर दुसऱ्या पाळीचा भात वेगळा लावायचा. मेनूत वरण-बट्टी असेल त्या दिवशी तेलाकडे लक्ष द्यावं. उकडलेली बट्टी कापून तळली की तेल भरपूर लागतं, आणि तेच तेल पुढे तीन दिवस भज्यांना वापरायचा मोह होतो. 1 जुलै 2018 पासून तेलातल्या एकूण पोलर घटकांना, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या खराब घटकांना, 25 टक्क्यांची मर्यादा आहे. ते मोजायचं उपकरण मिळतं, पण ते घेणार कोण, हे करारात लिहिलेलं नसतं.

1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या. भुसावळ यंत्र इंडियाकडे गेली, वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत कँटीनची मर्यादा 250 वरून 100 कामगारांवर आली, आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजले जातात.

ठेकेदार बदलतो, पण चुलीपुढची माणसं बहुधा तीच राहतात. एकाच आचाऱ्याच्या कागदावर दर दोन वर्षांनी नवा मालक येतो आणि जुन्या कायद्यातल्या ग्रॅच्युइटीची सलग पाच वर्षं काही भरत नाहीत. म्हणून जुन्या ठेकेदाराची अनामत सोडण्याआधी हजेरीपट, वेतनपट आणि भविष्यनिर्वाह निधीची चलनं यांच्या प्रती मुख्य मालकाने आपल्याकडे घ्याव्यात. भांड्यांची यादी तर सगळेच करून घेतात.