काळं झबलं जांभळं का झालं?

लातूरला पुतण्याच्या बोरन्हाणाचे फोटो मी काढले. संध्याकाळची वेळ, खोलीत हॅलोजनचे दोन दिवे. फोटो कॉम्प्युटरवर पाहताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, झबलं तर काळं घेतलं होतं. हे वांग्याच्या रंगाचं कसं काय दिसतंय?" हलव्याचे दागिने पांढरेशुभ्र, चेहराही नीट. बिघडला होता फक्त काळा रंग, आणि तोही सगळा नाही. बाळाच्या गालावरची काजळाची तीट फोटोतही कुळकुळीत काळी होती.

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा, आणि सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश जाणवतो. तांबड्यापलीकडचा हा अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड. सिंथेटिक कापडाचे बरेच काळे रंग दिसणारा प्रकाश शोषतात, पण अवरक्त परतवून लावतात. म्हणजे झबलं डोळ्याला काळं, सिलिकॉनला मात्र उजळ! काजळाचं तसं नाही. ते आईनं तुपाच्या दिव्यावर ताटली धरून केलेलं, म्हणजे निव्वळ काजळी, कार्बन. कार्बन दोन्ही प्रकाश गिळतो.

मग रंग जांभळाच का? सेन्सरच्या बिंदूंवर लाल, हिरवे, निळे बारीक फिल्टर असतात. अवरक्त प्रकाश या तिन्हींतून कमीअधिक निसटतो. पुढे व्हाइट बॅलन्स साधताना, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल सावरताना, कॅमेरा लाल आणि निळ्या बिंदूंचे आकडे सहसा हिरव्यापेक्षा जास्त पटीनं वाढवतो. घुसलेला अवरक्तही त्याच पटीनं वाढतो, आणि लाल-निळं मिळून जांभळट छटा येते. त्यात हॅलोजनच्या दिव्याची बहुतेक ऊर्जा अवरक्तातच बाहेर पडते.

हे टाळायला सेन्सरसमोर अवरक्त अडवणारी काच बसवलेली असते. पण ती जाड केली तर कडेनं तिरपे येणारे किरण सरकतात आणि फोटोचे कोपरे बिघडतात. २००६ मध्ये आलेल्या लायका कंपनीच्या एम८ या कॅमेऱ्यात ही काच पातळ ठेवली होती. काळे सिंथेटिक कपडे जांभळे येऊ लागले आणि शेवटी कंपनीनं ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर मोफत दिले. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचंही दुखणं हेच.

फोटो नंतर दुरुस्त करता येत नाही का? वरवर येतो. पण एकदा मोजमाप झालं की खरं जांभळं कापड कोणतं आणि अवरक्तानं जांभळं झालेलं काळं कोणतं, हे आकड्यांवरून ओळखता येत नाही. अटकाव सेन्सरच्या आधीच हवा.

तुमच्या मोबाइलचं पाहायचं असेल तर अंधारात टीव्हीचा रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्याला काही दिसणार नाही. स्क्रीनवर मात्र बऱ्याचदा पांढरट-जांभळा ठिपका लुकलुकतो.

सिलिकॉनची हीच नजर उपग्रहात मुद्दाम वापरतात. हिरवंगार पान तांबडा प्रकाश शोषतं आणि अवरक्त भरपूर परतवतं. पीक सुकू लागलं की हा फरक घटतो. पावसानं ओढ दिली की मराठवाड्यातल्या सोयाबीनची अवस्था आकाशातून जोखता येते ती यावरूनच.

आम्ही मात्र हॅलोजन काढून एलईडी लावले, कारण त्यात अवरक्त नगण्य. लेन्सवर अवरक्त अडवणारा फिल्टर चढवला आणि वहिनींनी बाळाला तेच झबलं पुन्हा घातलं. या वेळी झबलं आणि तीट, दोन्ही काळी आली.